बांध भक्कम आहे

फार फार वर्षं झाली. एका राज्याच्या राजधानीच्या वरच्या अंगाला एक मोठा तलाव होता. तलावाच्या बांधाखाली अख्खं शहर नांदत होतं. त्या शहरात गेनू नावाचा दवंडीवाला होता. त्याचा डफ वाजला की बाया हातातलं काम थांबवून दारात यायच्या. गेनू म्हणाला म्हणजे तसंच असणार, एवढा लोकांचा त्याच्यावर भरवसा.

एका पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. पलीकडच्या गावाहून येताना गेनूला बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसलं. त्याने ओंजळ भरून पाहिलं. पाणी गढूळ होतं. म्हणजे आतली माती वाहून येत होती. तो धावतच प्रधानजींकडे गेला.

प्रधानजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "आम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "उद्यापासून गवंडी लागतील. पण महाराजांच्या राज्यारोहणाचा उत्सव आठवड्यावर आला आहे. परमुलखातले पाहुणे यायचेत. तू दवंडी दे, बांध भक्कम आहे म्हणून."

"पण प्रधानजी, तो भक्कम नाही."

"होईल की. तोवर लोक घाबरले तर त्यांना कोण आवरणार? पळापळीत माणसं मरतील. त्यांच्या भल्यासाठीच सांगतो आहे."

गेनूने डफ उचलला.

गल्लोगल्ली तो ओरडत गेला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत लागला, याचंच त्याला नवल वाटलं. खालच्या आळीत कोंडाबाई नावाची म्हातारी कुंभारीण राहायची. तलाव भरल्याच्या धास्तीने तिने गाठोडं बांधून दारात ठेवलं होतं.

"गेनू, तू स्वतः पाहिलास का रे बांध?" तिने विचारलं.

"पाहिला, मावशी."

"मग ठीक आहे." तिने गाठोडं सोडलं आणि पुन्हा चाकावर बसली.

घरी आल्यावर गेनूने वाढलेलं ताट बाजूला सारलं. शेवटी तो बायकोला म्हणाला, "सारजे, चार दिवस माहेरी जाऊन ये." तिचं माहेर टेकडीवर होतं.

सारजाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "आणि शेजारपाजारच्यांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

ती दोन शेळ्या घेऊन भरदुपारी वेशीतून बाहेर पडली. पाणवठ्यावरच्या बायांनी तिला जाताना पाहिलं. घागरी भरायचे हात थबकले.

त्यानंतरचे दिवस गेनूने जीव मुठीत धरून काढले. पहाटे उठून तो बांधावर जाई आणि झिरपणारं पाणी ओंजळीत घेऊन बघे. शहरात कुजबुज वाढत होती. तो चौकात आला की बोलणी थांबत. गवंडी मात्र नेटाने काम करत होते. सहाव्या दिवशी पाणी नितळ आलं. सातव्या दिवशी पायथा कोरडा पडला. गेनू तिथेच बसकण मारून कोरड्या मातीवरून हात फिरवत राहिला.

त्याच दुपारी गवंड्यांनी रचलेला दगडांचा ढीग कोसळला. धडधडाट खाली शहरापर्यंत पोचला. कुणीतरी ओरडलं, "बांध फुटला!"

सगळं शहर टेकडीकडे धावलं. टेकडीकडे जायला एकच अरुंद वेस होती. गेनू धावत तिथे पोचला आणि वेशीच्या दगडावर चढून जीव तोडून ओरडू लागला, "थांबा! बांध शाबूत आहे. मी आत्ताच बघून आलोय. एक थेंबही गळत नाही."

गर्दीतून एका माणसाने मान वर करून विचारलं, "तुझी बायको कुठे आहे, गेनू?"

गेनूचा डफ खाली आला. त्याच्यापाशी द्यायला खरं उत्तर होतं, पण ते देता येण्याजोगं नव्हतं. गर्दी त्याच्या पायाखालून लोटत राहिली.

पाणी आलंच नाही. पण वेशीत चेंगरून दोन माणसं गेली. त्यातली एक कोंडाबाई होती.

दुसऱ्या दिवशी गेनू भर दरबारात उभा राहिला. काय पाहिलं, काय सांगितलं, बायकोला कुठे धाडलं, सगळं त्याने सांगून टाकलं. महाराजांनी प्रधानजींच्या अंगावरची पदाची वस्त्रं उतरवून घेतली आणि ते गेनूला म्हणाले, "हेच चौकात जाऊन सांग. माझ्या नावाने सांग. आणि यापुढे जे असेल तेच सांगायचं, भीतीचं असलं तरी."

गेनूने चौकात सांगितलं. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. लोकांनी ऐकून घेतलं आणि ते मुकाट्याने आपापल्या घरी गेले. ते मुकाटपण त्याला शिक्षेहून जड वाटलं.

पुढे केस पांढरे होईतो गेनूने दवंडी दिली. त्यातली एकही खोटी नव्हती. तरीही प्रत्येक दवंडीनंतर गल्लीतून कुणी ना कुणी उठायचं, पायांत वहाणा घालायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायला निघायचं. गेनू त्यांना कधी अडवत नसे. तो त्यांच्यासोबत चालत जाई.

बोध : प्रजेला भीतीपासून वाचवण्यासाठी राज्यकर्ता खोटं बोलला, तर संकटाच्या वेळी त्याच्या खऱ्या शब्दावरही कुणी विश्वास ठेवत नाही.