तेवीस गुलाबांची चोरी

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात गुलाबांची एक बाग होती. निदान वैजयंतीच्या मनात तरी ती होती. दूरच्या शहरात बागशास्त्र शिकत असताना पाच वर्षे तिने ती बाग डोळ्यांसमोर ठेवली होती. झऱ्याकाठी तेवीस गुलाब. दगडी वाफे. मधून जाणारी पायवाट, आणि शाळा सुटल्यावर तिथे रेंगाळणारी मुले. शिकून गावी परतायचे आणि ती बाग आणखी सुंदर करायची, असा तिचा निश्चय होता.

ती परतली तेव्हा झऱ्याकाठी तेवीस खड्डे होते.

कमरेएवढे गवत वाळून पिवळे पडले होते. वाफ्यांचे दगड ढासळले होते. म्हातारा रखवालदार गेनबा फाटकापाशी उन्हात बसून गवत उपटत होता.

"गेनूतात्या, गुलाब कुठे गेले?"

"लोकांनी नेले."

"चोरून?"

"हो, चोरून."

"आणि तुम्ही अडवलं नाही?"

"नाही अडवलं," गेनबा म्हणाला आणि पुन्हा गवत उपटू लागला.

वैजयंती वाट पाहत उभी राहिली. 

गाव फार थंड होते. पौषात पहाटे गवतावर पांढरे हिम धरायचे. अंगणातल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा यायचा. अशा हवेत बाग उभी करणे सोपे नव्हते, आणि हाताशी पैसाही थोडाच होता. गावाने वर्गणी काढून जमेल तेवढे जमवले होते. सरपंचांनी ते पैसे वैजयंतीच्या हाती दिले. ते म्हणाले, "एवढ्यातच भागव, वैजू. लोकांकडे पुन्हा मागायला मला तोंड नाही."

वैजयंतीने निम्म्या पैशांत घाटाखालच्या रोपवाटिकेतून तेवीस नवे गुलाब आणले. हिरवीगार, टवटवीत रोपे होती ती. गेनबाने एक पान दोन बोटांत धरून पाहिले.

"खालची रोपं आहेत ही. यांनी थंडी बघितलेली नाही."

"तात्या, मी हेच तर शिकून आले आहे."

"तू शिकलीस गं. रोपं कुठे शिकली आहेत?"

वैजयंती हसली आणि तिने रोपे लावली. दिवसभर ती स्वतः माती भरत होती, झऱ्याचे पाणी आणून घालत होती. तिच्या हाताला फोड आले. तरीही संध्याकाळी त्या तेवीस रोपांकडे पाहताना आपण परत आलो हे फार चांगले केले, असे तिला वाटले.

मग तीन पहाटा लागोपाठ हिम धरले. चौथ्या दिवशी सगळी पाने भाजल्यासारखी काळी पडली. एकही रोप वाचले नाही.

वैजयंती शेवटच्या वाफ्याच्या कडेला बसून रडली. गेनबाने तिच्यासाठी आपल्या खोपीतून गरम चहा आणला. "मी म्हटलं होतं," असे तो म्हणाला नाही. ती चहा पिईपर्यंत तो शेजारी नुसता बसून राहिला.

पण दुःख फार दिवस दुःखच राहत नाही. वैजयंतीच्या मनात त्याचा राग झाला. जुने गुलाब जागेवर असते, तर नवे आणावेच लागले नसते. ज्या गावासाठी आपण शहर सोडून आलो, ते गावच चोर निघाले. आणि रखवालदार डोळे मिटून बसला! तिने उरलेल्या पैशांतून काटेरी तार घेतली, फाटकाला मोठे कुलूप घेतले आणि ती सरपंचांकडे गेली.

"रखवालदार बदला," ती म्हणाली.

सरपंचांनी टोपी काढून डोके खाजवले. "चाळीस वर्षं झाली गेनबाला तिथे. त्याला काढायचं तर अर्ज लिही आणि लोकांच्या सह्या आण. उद्या सकाळी पारावर ठरवू."

रखवाली गेली की बागेतली खोपही जाणार होती. गेनबाला दुसरे घर नव्हते. वैजयंतीला हे ठाऊक होते, पण तिने ते मनाआड केले. ती धीट होती, पाठीमागे कागाळी करणारी नव्हती. म्हणून तिने अर्जाची गोष्ट गेनबाला तोंडावर सांगितली.

त्याने हातातले खुरपे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "बरं. खुरप्याची मूठ सैल झाली आहे, ती ठोकून ठेवतो. नव्या माणसाला लागेल."

दुपार कलता कलता वैजयंती अर्ज घेऊन निघाली. पहिलेच घर पारूकाकूचे होते. पारूकाकूने कागद उन्हाकडे धरून सावकाश वाचला.

"यात चोर म्हणून लिहिलं आहेस, ते कोण गं?"

"ज्यांनी गुलाब नेले ते."

"नावं नाही घातलीस ते बरं केलंस. कागद पुरला नसता." तिने अर्ज परत दिला. "सही मागाहून करते. आधी परसात चल."

परसात न्हाणीची भिंत होती. आत पाणी तापवायची चूल पेटलेली असल्यामुळे ती बाहेरूनही उबदार लागत होती. भिंतीला टेकवून गवताची एक झड उभी केली होती. त्या गावात पावसाळ्यात घराच्या भिंती भिजू नयेत म्हणून गवताच्या झडी बांधतात, आणि पाऊस सरला की जाळून टाकतात. पारूकाकूने ही एक राखून ठेवली होती. तिने झड बाजूला केली.

मागे गुलाब होता. खोडाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली होती. टोकाला एक कळी होती, पिवळी आणि कडेला केशरी. तो गुलाब वैजयंतीने लहानपणी झऱ्याकाठच्या बागेत रोज पाहिला होता.

"काकू, हा तर..."

"हो, तोच. दोन वर्षांमागे अकरा दिवस हिम धरलं होतं. बागेसाठी गावाकडे पैसा नव्हता. तेवीस झाडं गेनबा एकटा कशानं झाकणार होता? आणि उघड्यावर ती किती तग धरणार?"

"मग त्यांनी ती घरोघर वाटून का नाही दिली?"

"दिलेलं रोप लागत नाही गं. मागून आणलेलंही लागत नाही. चोरून आणलेलंच लागतं, अशी आपल्याकडची समजूत. शहरात जाऊन विसरलीस वाटतं! बाजाराच्या दिवशी भर दुपारी गेनबा फाटकात आडवा पडला आणि घोरायला लागला. असा घोरला, की झऱ्यावरची म्हैस बिथरली. आम्ही काय समजायचं ते समजलो. एकेक करून आत गेलो. माझं खुरपं मुळाच्या जवळ गेलं, तर झोपेतच म्हणतो कसा, 'पारू, जरा लांबून खण.'"

वैजयंतीला हसू आले आणि लगेच डोळे भरून आले.

"पण त्यांनी मला सांगितलं का नाही? मी त्यांची खोप काढून घ्यायला निघाले, तरी नाही?"

"चोरीचं रोप बोलून दाखवलं की जगत नाही म्हणतात. नेणाऱ्यानं सांगायचं नाही, ज्याचं गेलं त्यानं विचारायचं नाही. तेवीस झाडांचा जीव आहे त्याच्या गप्प बसण्यात. तो कसला बोलतोय!"

"मग तुम्ही का बोललात?"

पारूकाकूने कळीवरून हलकेच बोट फिरवले. "एक गुलाब गेला तर जाऊ दे. म्हातारा जायला नको."

वैजयंतीने अर्जाची घडी घालून कंबरेला खोचली. ऊन होते तोवर ती गावात फिरली. तिने कुणाला काही विचारले नाही. फक्त परसाकडे पाहत गेली. न्हाणीच्या भिंतीमागे, गोठ्याच्या कुडाआड, कुणाच्या चुलीच्या धुराड्याखाली, जिथे जिथे थोडी ऊब होती तिथे एक एक गुलाब उभा होता. दोन हिवाळे सोसलेला, इथल्या थंडीत मुरलेला. ज्या रोपांसाठी तिने गावाचा पैसा घाटाखाली नेऊन दिला होता, त्यांच्याहून कणखर रोपे घरोघर जपलेली होती. थंडीत लावलेली त्यांची काडी उन्हाळ्यापर्यंत सहज फुटली असती. तिला एक पैसाही लागला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गाव जमले. गेनबा मूठ ठोकलेले खुरपे घेऊन एका कडेला बसला होता.

"हं, वैजू," सरपंच म्हणाले, "अर्ज दे."

"फाडला मी तो."

"फाडला? काल तर चोर चोर म्हणत होतीस. कोण होते ते चोर?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. खरे सांगितले असते तर तिचे हसे झाले नसते. पण ज्या गोष्टीसाठी गेनबाने घरही पणाला लावले, ती गोष्ट स्वतःचा मान राखायला उघड करणे तिला जमेना.

"चोरी झालीच नाही," ती म्हणाली. "मलाच बाग ओळखता आली नाही."

"एवढं शिकून?" कुणीतरी ओरडले, आणि पारावर हशा पिकला.

वैजयंतीचे कान लाल झाले. तरी ती मान वर करून उभी राहिली. "हो, एवढं शिकून. रखवालदार तात्याच राहू देत. मी तार आणि कुलूप दुकानात परत करते. येतील ते पैसे गावाचे. या वर्षी नवं काही विकत आणायचं नाही. पुढचा पाऊस सरला की झडी तेवढ्या जाळू नका, रोपं झाकायला लागतील. आणि बागेत काय करायचं ते तात्या सांगतील, मी त्यांच्या हाताखाली राबेन."

गेनबा उठून पुढे आला. त्याने खुरपे तिच्यापुढे धरले.

तिने ते घेतले, शेजारची टोपली उचलली आणि ती पाराच्या समोरच असलेल्या सरपंचांच्या परसात कुणालाही न विचारता शिरली. गोठ्यामागच्या लाल गुलाबाची एक जून काडी तिने कापून घेतली.

सरपंचांनी मान वर केली आणि आभाळाकडे पाहत मोठ्याने विचारले, "काय गेनबा, आज ऊन बरं पडलंय, नाही?"

तात्पर्य: उजाड बागेचा दोष गावाच्या माथी मारण्याआधी लोकांच्या परसात डोकावून पाहावे; जे लुटले गेले असे आपण म्हणतो, ते कुणीतरी आपल्यासाठी जपलेलेही असते.