डोळा लागला त्याची शिक्षा

फार जुनी गोष्ट. एका राजाने आपल्या राज्यासाठी परदेशातून न्यायाधीश आणला. इथे त्याचं ना नातं, ना गोतं. म्हणून तो कुणाची बाजू घेणार नाही, हा राजाचा हिशोब. न्यायाधीश होताही सरळ. सहा महिन्यांत त्याने वहीवरून इथली भाषा शिकून घेतली. वहीत प्रत्येक शब्दापुढे एक अर्थ होता आणि तो त्याला तोंडपाठ होता.

एके दिवशी एका गावचं धान्याचं कोठार भरदुपारी जळालं. भिंतीशी बसून टोपल्या विणणाऱ्या ठकूबाईला शिपायांनी धरून गावातच भरलेल्या न्यायसभेत आणलं. त्या वेळी तिथे तीच सापडली होती.

न्यायाधीशाने विचारलं, "बाई, आग लागली तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"महाराज, सकाळपासून विणून विणून कंटाळले होते. कोठाराच्या भिंतीला टेकले आणि माझा डोळा लागला."

न्यायाधीशाने मनातल्या मनात वही उघडली. लागणे म्हणजे जाऊन भिडणे. म्हणजे हिचा डोळा कोठाराला भिडला होता. धान्यावर नजर होती हिची! चोरी लपवायला हिनेच आग लावली असणार.

"कोठाराला डोळा लागला होता, हे कबूल?"

"खोटं कशाला बोलू? तिथंच लागला."

लोक चुळबुळले. एक म्हातारा उठून बोलू लागला, तोच न्यायाधीशाने हात वर केला. न्यायसभेत मध्ये बोलायचं नाही, हा त्याचाच नियम होता. म्हातारा खाली बसला.

निकाल झाला. बाईने दिवस मावळायच्या आत गाव सोडावं, शिपायांनी तिचं घर मोडून टाकावं. आपण चोख न्याय केला, असं न्यायाधीशाला मनापासून वाटलं. शिपायांना मागे ठेवून तो एकटाच घोड्यावरून परत निघाला.

वाटेत तहान लागली म्हणून तो एका घरापुढे थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "पाणी मिळेल का?"

आतून एक बाई लगबगीने बाहेर आली. "हळू बोला हो! पोराचा आत्ताच कुठं डोळा लागलाय."

"कशाला लागला?"

"कशाला म्हणजे? झोपलाय की!"

न्यायाधीशाने आत पाहिलं. झोळीत मूल गाढ झोपलं होतं. बाईने तांब्या पुढे केला, पण त्याने तो घेतला नाही. तसाच त्याने घोडा वळवला.

ठकूबाई शिवेवरच्या ओढ्यापलीकडे भेटली. डोक्यावर गाठोडं, हातात बांबू चिरायचा कोयता. न्यायाधीश घोड्यावरून उतरला.

"बाई, तुम्ही झोपला होतात."

"तेच तर सांगितलं मी."

"सांगितलंत. मला कळलं नाही. परत चला."

ठकूबाई जागची हलली नाही. "इथं एकट्यात सांगून काय उपयोग? चार माणसांत मला चोर केलंत, तर चार माणसांतच म्हणा."

तो म्हणाला. त्याच सभेत, त्याच लोकांपुढे, उभा राहून. मग त्याने त्या म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्ही काय सांगत होतात?" म्हाताऱ्याने कोठाराच्या पहारेकऱ्याकडे बोट दाखवलं. पहारेकऱ्याला चिलमीतला निखारा पेंढ्यात झाडताना त्याने पाहिलं होतं. विचारल्यावर त्याने मान खाली घातली.

न्यायाधीशाने ठकूबाईचं घर स्वतःच्या पैशाने उभं करून दिलं. पण घर मोडताना शिपायांनी दारचं बांबूचं बेटही तोडलं होतं. ते तिच्या सासूने लावलेलं. ते पुन्हा कामाजोगं व्हायला वर्षं लागली, आणि तोवर ठकूबाईला बांबूसाठी दोन कोस चालावं लागलं. तिने न्यायाधीशाला कधी दूषण दिलं नाही. पण त्याला बघून ती हसलीही नाही.

मध्ये न बोलण्याचा नियम त्याने मोडीत काढला. साक्ष झाली की तो लोकांकडे वळून विचारी, "मला कळलं ते असं, बरोबर आहे का?" त्यामुळे निकालांना उशीर होई. राजाने एकदा त्यावरून बोलही लावला. न्यायाधीशाने तो निमूट ऐकून घेतला आणि आपली रीत सोडली नाही.

शब्द ओळखीचा वाटला, म्हणून माणसाचं म्हणणं कळलं असं समजू नये.