ठमीला कोणी धरायचं

“खरं सांगितलं, यात माझं काय चुकलं?”

शंतनूने पुन्हा तेच विचारलं.

एकबोटे बाई प्राणवायूच्या पेटीवर वाकल्या होत्या. पेटीत ठमी होती. मांजर. तोंड सुजलेलं, हिरड्या मातकट पडलेल्या, पुढच्या पायाला सलाईन लावलेलं.

“चुकलं असं कोण म्हणालं?” बाई म्हणाल्या.

“तुम्ही काही बोलतच नाही.”

जनावरांच्या त्या दवाखान्यात रात्रपाळीला डॉक्टर दोघंच. बाईंची उमेदीची वर्षं याच पाळीत गेलेली. शंतनू नुकताच रुजू झालेला. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत याचा त्याला सहसा विसर पडत नसे. खोटं बोलायचं नाही, हा त्याचा बाणा. बाणा चांगलाच होता. तो मिरवायचा जरा जास्त, इतकंच.

ठमीला काल ताप भरला. खटावकर आजोबा एकटे राहणारे, घरात तिच्याशिवाय दुसरा जीव नाही. मुलं लहान असताना तापावरची गोळी अर्धी करून द्यायचे, तशीच त्यांनी ठमीलाही दिली. ती गोळी माणसाला औषध आणि मांजरीला विष, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार?

आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, “डॉक्टर, माझ्या गोळीमुळं झालं का हो हे?”

शंतनू म्हणाला होता, “हो. गोळी दिली नसती तर आज ती बरी असती.”

तेव्हापासून आजोबा बाहेरच्या बाकावर बसून होते. दोन्ही हात काखेत दाबून.

“उद्या दुसरी मांजर पाळतील, तिलाही गोळी देतील,” शंतनू म्हणाला. “सांगायला नको?”

“सांगायला हवं.”

“मग?”

“मग काय? सांगितलंस ना.”

बाईंनी ठमीचा श्वास पाहिला. उतारा देऊन झाला होता, रक्त देऊन झालं होतं. फार उशीर झाला होता.

“आता हिचे हाल नकोत,” त्या म्हणाल्या. “आजोबांना विचार. आणि त्यांना आत घेऊन ये.”

शंतनू बाहेर गेला.

“आजोबा, ठमी वाचणार नाही. तिला झोपेचं इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ द्यावं, असं आम्हाला वाटतं.”

आजोबांनी मान हलवली. “द्या.”

“तुम्ही आत येता ना?”

“नको.”

“तुमचा आवाज ऐकला तर तिला...”

“नको, डॉक्टर. ह्याच हातानं गोळी चारलीय मी तिला. दुधात कालवून दिली, तर तोंड फिरवून बसली. मग मांडीवर घेतली. तेव्हा खाल्ली बघा. माझ्या हातचं ती काहीही खाते...”

त्यांनी हात आणखी आत खुपसले.

शंतनूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण बोललो ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि आता ते परत घेता येणार नव्हतं.

तो आत आला.

“ते येत नाहीत, बाई. तिला हात लावायलाच तयार नाहीत. तुम्ही काहीतरी सांगा ना त्यांना.”

“काय सांगू?”

“गोळीमुळं झालं नाही, असं.”

“तू सांगशील? नाही ना? मग मी कशी सांगू?”

बाईंनी पेटी उघडली. ठमीला टॉवेलमध्ये गुंडाळून उचललं. तिची मान बाईंच्या दंडावर लोंबत होती. त्या तडक बाहेर गेल्या. शंतनू इंजेक्शनचा ट्रे घेऊन मागोमाग निघाला.

“खटावकर, जरा मदत करा. इंजेक्शन द्यायचंय आणि ही आमच्या हाती थांबत नाही. धरायला कोणीतरी हवं.”

शंतनूने तोंड उघडलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मी? बाई, माझा हात...”

“लवकर करा. त्रास होतोय तिला.”

आजोबांचे हात काखेतून बाहेर आले. एक ठमीच्या माने­खाली गेला, दुसरा पाठीवर, आणि ती त्यांच्या मांडीवर आली. ठमीने नाक त्यांच्या मनगटाला टेकवलं.

“ठमे, मी आहे गं. हलू नकोस हं. झालंच आता.”

ती हलणार नव्हतीच.

बाईंनी औषध सोडलं. मग छातीला नळी लावून ऐकत राहिल्या, आणि शेवटी आजोबांकडे पाहून त्यांनी मान हलवली. आजोबा लहान मुलासारखे रडले. पण ठमीला त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही.

बाई आत येऊन हात धुऊ लागल्या. शंतनू शेजारी उभा राहिला.

“सलाईनची सुई आधीच लावलेली होती, बाई. तिच्यात मान उचलायचं त्राण नव्हतं. धरायची काही गरजच नव्हती.”

“नव्हती.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोललात.”

“हो.”

बाहेर आजोबा ठमीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. बाईंनी नळ बंद केला.

“पण धरलं किती नीट... पाहिलंस?”