शेवटची ओळ आधी

एकदा एका नदीकाठच्या गावात, पाठशाळेच्या ओसरीवर, एक वयस्क शिक्षक बोरू तासत बसले होते आणि तो काही केल्या नीट तासला जात नव्हता. दोष बोरूचा नव्हता, चाकूचाही नव्हता. चित्त थाऱ्यावर नव्हते.

चाळीस वर्षे ते मुलांना अक्षर शिकवत होते. कागदाच्या माथ्यावर नमुन्याची एक ओळ, म्हणजे कित्ता, ते घालून देत आणि मुलांनी खाली तीच ओळ पुनःपुन्हा उतरवायची. साऱ्या पंचक्रोशीचे हस्ताक्षर असे त्यांच्या हाताखालून गेले होते. मुले त्यांना मोठे गुरुजी म्हणत, कारण अकरा वर्षांपूर्वी मदतीला आलेले एक धाकटे गुरुजीही होते. त्यांचे कानशिलावरचे केस पिकू लागले, तरी ते धाकटेच राहिले. शाई करणे, कागदावर रेघा आखणे, रडणाऱ्या पोरांना गप्प करणे ही त्यांची कामे. कित्ता मात्र मोठे गुरुजीच घालीत.

आता शेजारच्या गावाने धाकट्या गुरुजींना आपल्या पाठशाळेत बोलावले होते. दसऱ्यापर्यंत उत्तर द्यायचे होते. विश्वस्त मोठ्या गुरुजींना म्हणाले, "तुम्ही हवे तितके दिवस शिकवा, आम्हाला आनंदच आहे. पण धाकटे गेले, तर तुमच्या मागे ही पाठशाळा कोण चालवणार, तेवढे सांगा."

सल्ला देणाऱ्यांची वानवा नव्हती. निवृत्तीच्या बाबतीत सल्ला देणारे स्वतः कधी निवृत्त होत नसतात. कोणी म्हणे, हात चालतोय तोवर थांबा. कोणी म्हणे, आता पुरे. पत्नी म्हणाली, "घरी बसा खुशाल, पण माझ्या रांगोळीची वळणे तपासायची नाहीत." गुरुजी हसले, पण त्यांना खरोखर भीती वाटत होती. शिकवणे थांबले की आपण कोण उरणार, हे त्यांना ठाऊक नव्हते.

दसऱ्याला चार दिवस उरले, तेव्हा ते नावेने पलीकडे गेले. तिथे त्यांचे स्वतःचे आचार्य राहत होते. वय नव्वदीला टेकलेले, पण नजर अजून शाबूत.

"आचार्य, मी केव्हा थांबावे आणि कसे थांबावे?" धाकट्यांना आलेले बोलावणे सांगून गुरुजींनी विचारले.

आचार्यांनी एक कागद ओढला, माथ्यावर सावकाश एक ओळ लिहिली आणि कागद पुढे सरकवला. "दहा ओळी काढ."

साठी उलटलेल्या माणसाला कित्ता! पण गुरूची आज्ञा मोडायची कशी? गुरुजींनी झरझर दहा ओळी काढल्या. हाताला सवय होती आणि मनात थोडा अभिमानही होता.

शाई वाळल्यावर आचार्यांनी कागद असा दुमडला की कित्त्याची ओळ आणि दहावी ओळ एकमेकींना लागून आल्या. गुरुजी पाहतच राहिले. त्यांच्या 'क'ची गाठ चेपली होती, 'ल'चा फराटा भलतीकडे गेला होता. पहिली ओळ हुबेहूब उतरली होती. बिघाड कोणत्या ओळीत शिरला, ते मात्र सांगता येत नव्हते.

"पहिली ओळ काढताना तू माझ्याकडे पाहिलेस," आचार्य म्हणाले. "दुसरी काढताना स्वतःच्या पहिलीकडे. तिसरी काढताना दुसरीकडे. मुले हीच चूक करतात, म्हणून आपण त्यांना रागावतो. आता खरे सांग, यंदाचा वर्ग तू मुलांकडे पाहून शिकवलास, की गेल्या वर्षीच्या वर्गाकडे पाहून?"

गुरुजींनी दुमडलेला कागद उलगडला. "गेल्या वर्षीच्या," ते म्हणाले. "आणि गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या. म्हणजे मी आजच थांबायला हवे."

"अरे, इतकी घाई का? कागद फुकट घालवायचा नसतो." आचार्यांनी दुसऱ्या कागदावर तीच ओळ लिहिली आणि तळाशी बोट टेकवले. "आता इथून सुरू कर. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, असा चढत ये."

गुरुजी चक्रावले, पण लिहू लागले. आता डोळ्यांसमोर वर फक्त कोरा कागद होता आणि कोऱ्या कागदापलीकडे कित्ता. लिहिलेले सगळे मनगटाखाली झाकले जात होते. प्रत्येक ओळ वाळेपर्यंत थांबावे लागे, नाहीतर पुसली गेली असती. दहाही ओळी स्वच्छ उतरल्या.

"केव्हा, ते ठरवून टाक," आचार्य म्हणाले. "तुझी शेवटची ओळ पुढच्या दसऱ्याला असू दे. ती आधी आखली की मधली प्रत्येक ओळ कशासाठी आहे, हे कळते. रोज मुलांकडे पाहा, काल काय शिकवले ते झाकून ठेव. आणि कसे, ते विचारतोस, तर मला एक सांग. तुझ्या धाकट्याने आजवर किती कित्ते घातले?"

गुरुजी खाली पाहू लागले. "एकही नाही."

"मग तो इथे थांबेल कशासाठी?"

दसऱ्याला पाठशाळेत पाटीपूजन झाले. झेंडूच्या फुलांचा वास ओसरीभर पसरला होता. सर्वांसमक्ष मोठ्या गुरुजींनी पुढच्या दसऱ्याला निवृत्त होणार असल्याचे सांगितले आणि तासलेला बोरू पुढे केला. "धाकटे गुरुजी, उद्यापासून कित्ता तुम्ही घालायचा. मी शेजारी बसेन."

धाकटे गुरुजी बोरू हातात घेत म्हणाले, "माझा 'क' तुमच्यासारखा नाही हो येत."

"चाळीस वर्षांनी माझाही येत नाही," मोठे गुरुजी म्हणाले, आणि पोरांना हसू आवरेना. त्याच संध्याकाळी शेजारच्या गावाला नकार गेला.

ते वर्ष गुरुजींच्या साऱ्या वर्षांत सर्वांत आनंदाचे गेले. कित्येक वर्षांनी त्यांनी मुलांचे प्रश्न शेवटपर्यंत ऐकले.

पुढच्या दसऱ्याला सत्कार झाला, शाल आली, भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठशाळा भरली, तेव्हा मोठे गुरुजी मुलांच्या रांगेत सतरंजीवर येऊन बसले होते. धाकटे गुरुजी गडबडून उठू लागले.

"बसा हो," मोठे गुरुजी म्हणाले. "मलाही एक कित्ता घालून द्या."

धाकट्या गुरुजींनी कागदाच्या माथ्यावर ओळ लिहिली. त्यांचा 'क' जरा वेगळा होता, गाठ मोकळी होती. मोठ्या गुरुजींनी तो नीट न्याहाळला, बोरू शाईत बुडवला आणि तळाच्या ओळीपासून लिहायला सुरुवात केली.