शेरेबुकातला दावा

चंदगडकडच्या एका खेड्यात तांबोळीबाई दहावीच्या मुलींना इंग्रजी शिकवत. एके दिवशी त्या निबंधातले 'क्लेम' आणि 'एव्हिडन्स', म्हणजे दावा आणि पुरावा, समजावत असताना तपासणीला शिरगुप्पेसाहेब आले. त्यांनी फळ्याकडे पाहून नाक मुरडलं, उभ्या उभ्या शेरेबुकात लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "मुलींना इंग्रजी येत नाही. वर्ग बंद करावा."

बाईंचा चेहरा उतरला. पुढची शाळा चौदा किलोमीटरवर होती. निम्म्या मुली घरीच बसल्या असत्या.

तेवढ्यात केतकी गावडे उठली. "साहेब, एक शंका विचारू? तुम्ही लिहिलंत तो क्लेम झाला. त्याचा एव्हिडन्स कुठं आहे? तुम्ही तर आम्हाला अजून एकही प्रश्न विचारला नाही."

साहेब खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हेच इंग्रजीत सांगशील?"

तिनं सांगितलं. एका क्रियापदाला अडखळली, पण थांबली नाही.

साहेबांनी शेरा खोडला. "बाई," ते हळूच म्हणाले, "तीस वर्षं मी नुसते दावेच लिहीत आलो."