स्क्रीनवरचा कारखाना

एका गावात भिवाजी नावाचा एक भोळा मुकादम होता. भोळा हे आपलं चारचौघांत बोलायचं म्हणून. मामेबहिणीचा टोमॅटो सॉसचा कारखाना होता, म्हणून तो मुकादम. नाहीतर त्याच्या हाती कुणी शेळीही दिली नसती.

या बहिणीने, शालनताईंनी, कारखान्याचा डिजिटल जुळा, म्हणजे कॉम्प्युटरमधली हुबेहूब नक्कल, करून घेतला. बॉयलर, गोदाम, ट्रक, सगळ्यांना मोजमाप घेणारी यंत्रं बसवली आणि अख्खा कारखाना कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसू लागला. माल कुठे सडतो, जळण कुठे वाया जातं, सगळं तिथे कळायचं. नासाडी आणि धूर कमी झालेला दिसला, तर एक मोठी कंपनी वर्षभराचा सॉस घेणार होती. चाळीस बायकांचं काम त्यावर अवलंबून होतं. कंपनीचे पाहुणे गुरुवारी येणार होते.

"भिवा, काहीही करायचं तर आधी स्क्रीनवर करून बघ," ताईंनी बजावलं.

सोमवारी खोक्यांना आग लागली. भिवाजी धावत स्क्रीनपाशी गेला आणि आग तिथे कशी विझवावी, याचा विचार करत बसला. खोकी जळून गेली.

"अरे शहाण्या, जाळ दिसला की आधी पाणी ओतायचं."

"बरं ताई."

मंगळवारी स्क्रीनवर बॉयलरखाली जाळ दिसला. भिवाजीने बादलीभर पाणी स्क्रीनवर ओतलं. नवी स्क्रीन आणावी लागली.

"अरे, पाणी नाही ओतायचं. बिघाड झाला की स्क्रीनवर लाल होतं. काही लाल दिसलं तर ते जागच्या जागी थांबवायचं."

"बरं ताई."

बुधवारी टोमॅटोचे चार ट्रक आले. भिवाजीने ताडपत्र्या उचलून पाहिल्या. तीन ट्रक लाल. ते त्याने दिवसभर फाटकाबाहेर उन्हात थांबवले. चौथ्यात कच्चे हिरवे टोमॅटो होते, तो सन्मानाने आत घेतला.

ताईंनी कपाळाला हात लावला. "उद्या पाहुणे येतायत. तू आता डोकं चालवू नको. स्क्रीनवर आहे तेवढंच आत ठेव, बाकी सगळं बाहेर काढ."

"बरं ताई."

गुरुवारी ताई पाहुण्यांना आणायला गेल्या. भिवाजीने स्क्रीन नीट पाहिली. बॉयलर होता, गोदाम होतं, ट्रक होते. चाळीस बायका मात्र जुळा बनवणाऱ्या हुशार मंडळींना दाखवाव्याशा वाटल्या नव्हत्या. त्याने त्यांना घरी पाठवलं. मग पाहतो तर तो स्वतःही स्क्रीनवर नव्हता. तो बाहेर आला आणि त्याने फाटकाला कुलूप लावलं.

पाहुण्यांची गाडी आली, तेव्हा आत सॉस करपून काळा धूर निघत होता.

"बायका कुठायत?" ताईंनी विचारलं.

"स्क्रीनवर नव्हत्या. घरी धाडल्या."

"आणि किल्ली?"

"तीपण नव्हती. विहिरीत टाकली."

पाहुण्यांनी वर बोट दाखवलं. "आणि हा धूर?"

भिवाजीची छाती फुगली. "तो स्क्रीनवर आहे, साहेब. म्हणून राहू दिला."