ठकूबाईचा श्वास

“कुठवर दाबायची ही पिशवी, सर?”

“ती स्वतः श्वास घेईपर्यंत.”

“आणि नाहीच घेतला तर?”

आबा डॉक्टर सलाइनचे थेंब मोजू लागले...

घाटमाथ्यावरचा दोन खाटांचा दवाखाना. एका खाटेवर ठकूबाई. सकाळी गोवऱ्या काढताना तिच्या हाताला नाग डसला होता. सापाची लस देऊन झाली होती, सलाइन चालू होतं. तरी पापण्या मिटल्या, जीभ जड झाली आणि शेवटी श्वासही थांबला. श्वासाचं यंत्र घेऊन जिल्ह्याहून गाडी निघाली होती, पण तिला यायला संध्याकाळ होणार होती. तोवर तोंडावर मास्क आणि मास्कला जोडलेली रबरी पिशवी. ती दाबली की ठकूबाईची छाती वर यायची.

पिशवी निनादच्या हातात होती. नवा डॉक्टर, सुवर्णपदकवाला. पदक शहरातल्या घरी ठेवून आला होता, ऐट मात्र सोबत आणली होती.

त्याने तिची पापणी उचलून टॉर्च मारला. बाहुली हलली नाही.

“नाडी लागतेय तेवढीच. आत कोणी नाही आता. गेली ही, सर. नवऱ्याला बोलवू का?”

नवरा, सोमा, बाहेर पायरीवर बसला होता. बरं झालं, त्याला ऐकू गेलं नाही.

आबांनी खुर्ची खाटेजवळ ओढली.

“ठकूबाई, विषाने अंग ढिलं पडलंय तुझं. उतरेल ते. हा निनाद तुला श्वास देतोय. भिऊ नको.”

मग ते बोलतच राहिले. सोमाने भाकरी खाल्ली. शेळीला चारा घातलाय. ऊन चिंचेवर आलंय... अगदी हलक्या आवाजात.

दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं...

दुपार पेंगुळली. श्वास तिचा की आपला, हे निनादला कळेनासं झालं. भिंती, खिडकी, आबांचा आवाज, सगळंच त्या पिशवीबरोबर फुगत होतं आणि बसत होतं. बोटं बधिर झाली होती.

मध्येच आबांनी दोन बोटांनी तिच्या पापण्या उघडून धरल्या आणि तिच्यावर वाकले.

“बघ, अजून उजेड आहे. हा मी. आणि हा निनाद.”

“सर, कोणाला दाखवताय?”

“हात थांबला तुझा.”

त्याने घाईघाईने पिशवी दाबली.

गाडी यायच्या थोडं आधी, निनादने दाबायच्या आतच छाती वर आली. एकदा... बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा.

तिसऱ्या दिवशी दोघे तिला बघायला जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. ठकूबाई उशीला टेकून पेज पीत होती. निनादचा आवाज ऐकताच तिने वाटी खाली ठेवली.

“तुमीच म्हनला ना, गेली म्हनून? म्या आतून लई वरडत व्हते, दादा. हाय म्या, हाय म्या... पन तोंडच उघडंना.”

निनादने तिचे पाय धरले. त्याला रडू आवरेना.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्याने डोळे पुसले. मग त्याने विचारलं, “सर, ती ऐकतेय, हे तुम्हाला कसं कळलं?”

आबा चपला घालत होते.

“मला कुठं कळलं होतं? म्हणून तर बोलत होतो.”